मुलाखतीच्या खिडकीबाहेरची मंडळी

मराठीत 'मंडळी' हा शब्द दोन घरांत दोन अर्थांनी नांदतो. 'घरची मंडळी' म्हणजे कुटुंब, आणि जुन्या पिढीच्या तोंडी तर थेट पत्नी. मराठी ख्रिस्ती समाजात मात्र 'मंडळी' म्हणजे चर्च, म्हणजे उपासनेला एकत्र जमणारा भाविकांचा समुदाय. प्रस्तुत लेखाचा विषय या दोन मंडळींच्या गाठीभेटीचा आहे. घरातला एक माणूस तुरुंगात गेला की घरच्या मंडळींचे काय होते, आणि उपासनेची मंडळी त्यांच्या मदतीला जाऊ पाहते तेव्हा तिला आधी काय शिकावे लागते, असे हे दोन प्रश्न आहेत.

मी कायद्याचा पदवीधर नाही आणि धर्माने ख्रिस्तीही नाही. तालुक्याच्या न्यायालयाबाहेर टंकलेखनाचे टेबल लावून जामिनाचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे टाइप करण्यात माझी उमर गेली. अर्ज ज्याच्या नावाचा तो आत असतो. टेबलासमोर बसते ती त्याची आई, बायको किंवा बहीण. या बायांविषयी कुठे काही लिहिलेले सापडते का, हे शोधता शोधता मी अमेरिकेतील चर्चच्या तुरुंगसेवेपर्यंत पोहोचलो. तिथे हे काम चाळीसहून अधिक वर्षे संघटितपणे चालू आहे आणि त्याचे यश-अपयश बऱ्यापैकी नोंदलेले आहे. म्हणून त्याची ओळख करून देणे मला अगत्याचे वाटते.

जुनी मुळे

ख्रिस्ती परंपरेत तुरुंगभेटीला आधार आहे तो मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायाचा. भुकेल्याला अन्न देणे, परक्याला आसरा देणे यांच्याच पंक्तीत बंदिवानाला भेटणे हे काम तिथे बसवले आहे. १७३० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन वेस्ली आणि त्याचे सोबती तिथल्या किल्ल्यातील तुरुंगात जाऊ लागले. एलिझाबेथ फ्राय ही क्वेकर पंथीय गृहिणी १८१३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात पहिल्यांदा गेली. तिथे बायकांबरोबर त्यांची मुलेही कोंडलेली होती. फ्रायच्या कामाची खरी सुरुवात झाली ती या मुलांसाठी तुरुंगातच काढलेल्या शाळेपासून. पुढे १८१७ मध्ये तिने स्त्री-बंदींसाठी संस्था स्थापन केली. कैद्याच्या कुटुंबाचा विचार आधुनिक समाजशास्त्राने आणला असा समज असतो; पण न्यूगेटची ही शाळा दोनशे वर्षांपूर्वीची आहे.

अमेरिकेतील आजच्या कामाचा आरंभ एका राजकीय प्रकरणातून झाला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे विशेष सल्लागार चार्ल्स कोल्सन यांनी वॉटरगेटच्या काळात, १९७४ मध्ये, न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचा गुन्हा कबूल केला आणि सात महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर १९७६ मध्ये त्यांनी 'प्रिझन फेलोशिप' ही संस्था काढली. तिचा पहिला भर कैद्यांवरच होता. कुटुंबाची बाजू पुढे आणली ती एका स्त्रीने, आणि ती स्वतः कैदी राहिलेली होती.

मेरी के बिअर्डची कागदी देवदूते

मेरी के बिअर्ड बँक-दरोड्यांच्या प्रकरणांत अलाबामा राज्याच्या तुरुंगात शिक्षा भोगून आलेली. तुरुंगात नाताळच्या सुमारास स्वयंसेवक बायका साबण, टूथपेस्ट अशा लहानसहान वस्तू वाटून जात. बिअर्डने तिथे पाहिले होते की कैदी आया त्या वस्तू स्वतः वापरत नाहीत. जपून ठेवतात, मिळेल त्या कागदात गुंडाळतात आणि मुले भेटीला आली की त्यांच्या हातावर ठेवतात. पुढे ती प्रिझन फेलोशिपचे काम करू लागली तेव्हा १९८२ च्या नाताळात तिने अलाबामातील बाजारसंकुलांत नाताळची झाडे उभी केली. त्यांवर कागदी देवदूत टांगले आणि प्रत्येकावर कैद्याच्या एकेका मुलाचे नाव लिहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याने एक देवदूत काढून न्यायचा आणि त्या मुलासाठी भेट आणून द्यायची. पहिल्याच वर्षी पाचशेहून अधिक मुलांपर्यंत भेटी पोहोचल्या. 'एंजल ट्री' या नावाने हा उपक्रम नंतर देशभरच्या चर्चमध्ये पसरला.

या योजनेची घडण बारकाईने पाहण्याजोगी आहे. सुरुवात कैद्याच्या अर्जाने होते. आपले मूल कोणाजवळ आहे, त्याला काय आवडेल, हे आई किंवा बाप तुरुंगातून लिहून कळवतो आणि सोबत मुलासाठी दोन ओळी लिहितो. मग चर्चचा स्वयंसेवक मुलाला सांभाळणाऱ्या माणसाला फोन करतो. बहुधा ती आजी असते. तिची संमती असेल तरच पुढचे काम होते. भेटवस्तू चर्चची माणसे विकत घेतात, पण मुलाच्या हाती ती पडते बापाच्या किंवा आईच्या नावाने. तुझ्या बाबांनी तुझ्यासाठी पाठवली आहे, एवढेच मुलाला कळते.

पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा या कामाचा गाभा आहे असे मला वाटते. दानशूर माणसाचे नाव पुढे आले असते तर मुलाच्या मनात दोन गोष्टी एकदम पक्क्या झाल्या असत्या: परके लोक चांगले आणि आपला बाप कुचकामी. इथे तुटू पाहणारा धागा बाप आणि मूल यांच्यामधला आहे, आणि मदत तिथेच लावलेली आहे.

प्रशिक्षणात काय असते

चांगल्या मनाच्या माणसांना प्रशिक्षण कशाला, असा प्रश्न पडू शकतो. अशा वर्गांचा बराच वेळ या चांगल्या मनाला आवर घालण्यातच जातो. संस्थेगणिक तपशील बदलतो, पण सूत्रे साधारण सारखी असतात.

पहिला भाग तुरुंगाच्या नियमांचा. स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासली जाते. कोणते कपडे घालायचे, कोणत्या वस्तू दाराबाहेर ठेवायच्या हे ठरलेले असते. आतून बाहेर किंवा बाहेरून आत चिठ्ठी, निरोप, वस्तू न्यायची नाही. एका स्वयंसेवकाने नियम मोडला तर दार सगळ्यांसाठी बंद होते, हे पहिल्या दिवशीच सांगितले जाते.

दुसरा भाग जिभेचा. गुन्हा काय केला हे विचारायचे नाही. सुटकेबद्दल, नोकरीबद्दल, पैशांबद्दल वचन द्यायचे नाही. ज्याला आजवर अनेकांनी फसवले त्याला मोडलेले वचन फार लागते. घरी गेल्यावर गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात तुरुंगाचे नाव काढायचे नाही. या कुटुंबाविषयी कळलेली गोष्ट रविवारच्या उपासनेत प्रार्थनेचा विषय म्हणूनही नावानिशी सांगायची नाही. हा शेवटचा नियम पाळणे भाविकांना सर्वांत जड जाते, कारण प्रार्थनेची विनंती आणि चहाडी यांतले अंतर कधी कधी अगदी थोडे असते.

तिसरा भाग मुलांचा. बाबा परदेशी नोकरीला गेले, असे सांगण्याकडे घरांचा कल असतो. मूल कधी ना कधी शाळेत खरे ऐकते आणि मग त्याचा घरच्यांवरचाही विश्वास उडतो. म्हणून वयाला झेपेल तेवढे खरे सांगावे, यात तुझा दोष नाही हे पुनःपुन्हा सांगावे, असा जाणकारांचा सल्ला असतो. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २००३ साली कैद्यांच्या मुलांच्या आठ हक्कांची सनद तयार झाली. त्यात बापाला वा आईला भेटण्याचा, बोलण्याचा आणि स्पर्श करण्याचा हक्क आहे, तसाच त्यांच्या गुन्ह्यावरून स्वतःची पारख न होण्याचाही आहे. 'सेसमी स्ट्रीट' या बालकार्यक्रमाच्या संस्थेने २०१३ मध्ये वडील तुरुंगात असलेल्या ॲलेक्स नावाच्या बाहुल्याच्या आधारे याच विषयावरचे साहित्य काढले.

मात्र प्रत्येक भेट हितकारकच असते असे नाही. ज्या घरात बापाच्याच हाताने मारहाण झाली, तिथे त्याच्या नावाने दारात उभे राहणे घातक ठरू शकते. म्हणूनच आजीच्या संमतीला आणि न्यायालयाच्या मनाईहुकमांना कैद्याच्या इच्छेपेक्षा वरचे स्थान द्यावे लागते.

आकडे काय सांगतात

अमेरिकेच्या न्याय-सांख्यिकी विभागाच्या अंदाजानुसार २००७ च्या मध्यास राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत असलेल्या कैद्यांची अठरा वर्षांखालील मुले १७,०६,६०० होती. म्हणजे देशातील मुलांपैकी २.३ टक्के. दक्षिण लंडनमधील ४११ मुलग्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्या केंब्रिजच्या अभ्यासाच्या आधारे मरे आणि फॅरिंग्टन यांनी २००५ मध्ये दाखवले की लहानपणी आई-बाप तुरुंगात गेल्यामुळे ताटातूट झालेल्या मुलग्यांची पुढची वाट, आजारपण किंवा मृत्यू अशा कारणांनी ताटातूट झालेल्यांपेक्षा अधिक बिकट होती. वियोगाइतकेच त्याचे कारणही मुलाला बाधते, असा याचा अर्थ मी घेतो.

भेटींचा उपयोग होतो का, याचे चांगले उत्तर मिनेसोटा राज्यातून मिळाले. २००३ ते २००७ या काळात सुटलेल्या १६,४२० कैद्यांची तिथल्या सुधारणा विभागाने पाहणी केली. ज्यांना भेटी मिळत होत्या त्यांच्यात पुन्हा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी आढळला. भाऊ-बहीण, सासरची माणसे, वडील आणि धर्मोपदेशक यांच्या भेटी विशेष गुणकारी दिसल्या. घटस्फोटित जोडीदाराच्या भेटींचा परिणाम उलटा दिसला.

धर्मसंस्थांच्या दाव्यांकडेही असेच डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. प्रिझन फेलोशिपने १९९७ मध्ये टेक्सासच्या एका तुरुंगात पूर्णवेळ धार्मिक सुधारणा-कार्यक्रम सुरू केला. २००३ च्या अहवालात त्याचे 'पदवीधर' पुन्हा तुरुंगात जाण्याचे प्रमाण ८ टक्के आणि तुलनेच्या गटात सुमारे २० टक्के असल्याचे आले, आणि मोठा गाजावाजा झाला. पण कार्यक्रमात शिरलेल्या १७७ जणांपैकी पदवीधर फक्त ७५ होते. सर्व १७७ जण धरले तर प्रमाण सुमारे २४ टक्क्यांवर जाते. शिवाय पदवीधर ठरण्यासाठी सुटकेनंतर नोकरी टिकवणे हीही एक अट होती; ज्याची नोकरी टिकली तो तुरुंगात परतला नाही, यात नवल ते काय! आयोवा राज्यात हाच कार्यक्रम सरकारी पैशावर चालवल्याबद्दल न्यायालयात गेला. २००६ मध्ये तो घटनाबाह्य ठरला आणि २००७ मध्ये वरच्या न्यायालयाने मुख्य निर्णय कायम ठेवला.

आपल्याकडे

भारतात कॅथलिक चर्चची 'प्रिझन मिनिस्ट्री इंडिया' १९८१ मध्ये केरळात सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. धर्मनिरपेक्ष पातळीवर टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत बंदी आणि त्यांची कुटुंबे यांच्यासाठी काम करतो. आपल्या तुरुंगांचे दुखणे मात्र वेगळे आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० बंदींपैकी ४,३४,३०२, म्हणजे जवळजवळ ७६ टक्के, कच्चे कैदी होते. गुन्हा सिद्ध होण्याआधीच घर कमावत्या माणसाला मुकते आणि वकिलाची फी, जामीनदार, मुलाखतीसाठीचा प्रवास यांखाली दबते. तुरुंगाच्या भाषेत भेटीला 'मुलाखत' म्हणतात. जाळीआडच्या काही मिनिटांसाठी बाईचा एक दिवसाचा रोजगार बुडतो.

सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. उपाध्याय खटल्यात १३ एप्रिल २००६ रोजी दिलेल्या निकालानुसार मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ तुरुंगात राहू शकते, आणि तुरुंगात जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंगाची नोंद करू नये असेही न्यायालयाने सांगितले. ही आतली मुले दरवर्षीच्या सरकारी अहवालात मोजली जातात. बाहेर आजीकडे, मामाकडे राहिलेली मुले त्या अहवालात नसतात. अमेरिकेने निदान आपल्या मुलांची संख्या काढली. आपल्याकडे ती कोणत्याच रकान्यात बसलेली नाहीत.

आणि तरीही कुटुंबाला शिक्षेच्या आत जागा देण्याचा धाडसी प्रयोग आपल्याच मातीत झाला आहे. औंध संस्थानात मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली, जिथे बंदी बायकामुलांसह राहून शेती करू शकतो. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटामागे याच प्रयोगाची प्रेरणा होती. अलीकडे महाराष्ट्रातील काही कारागृहांत 'गळाभेट' नावाने बंदी आणि त्यांची मुले यांची जाळीविना भेट घडवली जाते. स्पर्शाचा तो हक्क आपणही, तुरळक का होईना, ओळखू लागलो आहोत.

अवघड प्रश्न उरतो धर्माचा. एंजल ट्रीच्या भेटीसोबत शुभवर्तमानाचा संदेशही जातो, हे तिथे उघडपणे सांगितले जाते. आपल्याकडे अडलेल्या घरी अशी भेट गेली तर धर्मांतराची शंका येणारच, आणि जो नाही म्हणू शकत नाही त्याला काही ऐकवण्यात जबरदस्ती दडलेली असते, हे मान्य केले पाहिजे. माझे मत असे की उपक्रमाचा पहिला नियम, देणाऱ्याने आपले नाव मागे ठेवण्याचा, धर्मालाही लागू करावा. ख्रिस्ती मंडळीने तो पाळला तर तिच्या श्रद्धेला काही उणेपणा येत नाही. आणि भजनी मंडळ, गणेशोत्सव मंडळ, महिला मंडळ यांनी तो उचलला तर त्यांना कोणाची परवानगी लागत नाही.

करायचे काम लहान आहे. गावातल्या एका आजीला महिन्यातून एकदा मुलाखतीच्या गाडीभाड्याचे पैसे द्यायचे आणि नातवाला सोबत नेता येईल असा दिवस बघायचा. शाळा सुरू होताना वह्या-दप्तर बापाच्या नावाने घरी पोहोचवायचे. आणि या घराविषयी चौकात कोणी विचारले तर, माहीत असूनही, काही सांगायचे नाही.