डायमंडवरून – ७ : पाय पुढे, हात मागे

मागच्या आठवड्यात फास्टबॉल पाहिला. ताशी ९५ मैलांनी निघालेला चेंडू पिचरच्या हातातून होम प्लेटपर्यंत साधारण ०.४ सेकंदात येतो, आणि त्यातले ०.१५ सेकंद नुसती बॅट फिरवण्यात जातात. आज त्याचा धाकटा आणि जास्त कपटी भाऊ, चेंजअप. हा ताशी आठ-दहा मैलांनी हळू, म्हणजे पोचायला सेकंदाचा जेमतेम विसावा भाग जास्त घेणारा. एवढ्याशा उशिरानं काय बिघडतं? सगळंच. बॅट सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकी लवकर आली, तरी चेंडू फाउल जातो.

पिचरचा हात फास्टबॉलच्याच वेगानं येतो. लबाडी असते ती पकडीत. सर्कल चेंजमध्ये अंगठा आणि तर्जनी चेंडूच्या बाजूला गोल करून ठेवतात आणि चेंडू उरलेल्या तीन बोटांत, तळव्याकडे सरकवून धरतात. मिनेसोटा ट्विन्सच्या योहान सांतानानं २००४ आणि २००६ साली साय यंग पुरस्कार मिळवले, त्यात या चेंडूचा वाटा मोठा. आपल्यालाही ही कला अपरिचित नाही. श्रीरामपूरच्या झहीर खाननं २०११च्या विश्वचषकात माइक हसीचा त्रिफळा उडवला तो नकल बॉलवर, आणि तो क्रिकेटमध्ये आला बेसबॉलमधूनच.

आता हे शिकवायचं कसं? बहुतेक कोच ओरडतात, ‘थांब, थांब!’ पोरगं ते ऐकतं आणि बॅटच हळू फिरवतं. चेंडू मरगळल्यासारखा घरंगळत इनफिल्डरच्या हातात. थांबायचं असतं ते हातांनी, पायानं नव्हे. पुढचा पाय फास्टबॉलच्या हिशोबानंच टाकायचा, पण अलगद. वजन अजून मागच्या पायावर, हात मागच्या खांद्यापाशी. फास्टबॉल असला तर तिथूनच सुटायचं. हळू असला तर पुढचा गुडघा किंचित लवतो, अंग थोडं पुढे येतं, हात मात्र तिथेच राहतात आणि मग बॅट पूर्ण वेगानं निघते. ७५५ होमरन मारणाऱ्या हँक एरनचं वजन पुष्कळदा पुढच्या पायावर गेलेलं दिसे, पण हात मागेच असत. म्हणून अंग पुढे गेलं की लगेच खेकसणारे कोच मला पटत नाहीत. आधी हात बघावेत.

सरावाची एक साधी रीत आहे. कोच जाळीच्या आडोशाला, पंधरा-वीस फुटांवर पालथ्या बादलीवर बसतो आणि खालून चेंडू फेकतो. मधेच, हाताची लकब न बदलता, एखादा असा टाकतो की प्लेटपुढे एक टप्पा पडून यावा. पाय तर पडलेला. आता टप्पा पडून चेंडू वर येईपर्यंत हात अडवून धरायचे. सुरुवातीला पोरं हवेतच बॅट फिरवतात आणि हसतात. पुढे कोणाचे हात छातीपुढे निसटतात आणि कोणाचे खांद्यापाशी टिकतात, हे बाजूला उभ्या माणसालाही स्पष्ट दिसतं.

अट एकच : पुढचा चेंडू कोणता, हे कळता कामा नये. ‘आता दहा चेंजअप’ असं सांगून टाकलेले दहाही वाया जातात. मशीनचंही तेच. एकाच ठेक्यात येणारे चेंडू पिंजऱ्यात सणसणीत मारणारा मुलगा सामन्यात चाचपडतो, कारण तो ठेका शिकला, चेंडू ओळखायला नाही.

सामन्यात वाट फास्टबॉलचीच पाहायची. चेंजअपची पाहत बसलात तर फास्टबॉल नाकासमोरून निघून जातो. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं मनात नेम सेंटर आणि राइट फील्डच्या मधला धरावा. त्या नेमानं निघालेली बॅट चेंजअपला थोडी लवकर आली, तरी चेंडू लेफ्ट फील्डकडे वळतो आणि रेषेच्या आतच राहतो. लेफ्ट फील्डचाच नेम धरणाऱ्याला ही सवलत नाही.

थांबायला नकार देऊनही एकानं निभावून नेलं होतं. १९४६ साली बोस्टनच्या फेनवे पार्कवरच्या ऑल-स्टार सामन्यात रिप स्यूएलनं टेड विल्यम्सला आपला प्रसिद्ध ‘ईफस’ टाकला, डोक्याच्या कितीतरी वर जाऊन संथपणे खाली येणारा. विल्यम्स त्याची वाट पाहत उभा राहिला नाही. एक-दोन पावलं पुढे चालत गेला आणि त्यानं चेंडू उजवीकडच्या बुलपेनमध्ये पाठवला. फोटोंत त्याचा पाय बॅटरच्या चौकटीबाहेर दिसतो. नियमानं तो बाद व्हायला हवा होता. पंचांनी होमरन दिला.

पुढच्या रविवारी : कर्व्हबॉल.