खर्जाचे खोके का चालते?

गाणे ऐकण्यासाठी पदार्थविज्ञान यावे लागत नाही, हे खरे. परंतु ध्वनिवर्धकाचे खोके भर मैफलीत भिंत सोडून दिवाणखान्याच्या मध्याकडे निघाले, की कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही न्यूटनला शरण जावे लागते. 'सबवूफर' नावाचे हे खोके केवळ खर्जातील, साधारणपणे 20 ते 120 हर्ट्‌झ या टप्प्यातील ध्वनी काढते. ते सरकले की दोष पुष्कळदा फरशीच्या माथी मारला जातो. वस्तुतः ढकलणारा खोक्याच्या आतच बसलेला असतो.

आतला पडदा पुढे झेपावताना खोक्याला तितक्याच जोराने मागे रेटतो. हा रेटा थोडाथोडका नसतो. समजा, 150 ग्रॅमचा पडदा सेकंदाला 30 वेळा, मध्यापासून दोन्ही बाजूंना 8 मिलिमीटर हलत आहे. त्याचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 29 पट येते, आणि रेटा चार किलो वजनाहून अधिक भरतो. आता खोके 12 किलोचे धरले, तर त्याचे कठीण प्लॅस्टिकचे पाय गुळगुळीत फरशीवर फार तर वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतका, म्हणजे तीन किलोंचा विरोध करतात. निकाल उघडच आहे.

रेटा मागेपुढे सारखाच, मग खोके एकाच दिशेला का जाते, असे चिकित्सक वाचक विचारील. पाय सतत घसरू लागले, की घर्षणाची पकड नाममात्र उरते. मग फरशीचा किंचित उतार किंवा ताणलेली वायरही खोक्याला वाट दाखवते.

यावरचा उपाय स्वयंपाकघरात सापडतो. मिक्सरचे रबरी पाय पिठाने माखले, की तो ओट्यावर फिरू लागतो. पुसले, की जागेवर बसतो. स्वच्छ, कोरडे रबर फरशीवर वजनाच्या निम्म्याहून अधिक विरोध करते. म्हणजे आपल्या उदाहरणात सहा किलो. तेव्हा आधी फरशी व पाय ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावेत. पाय प्लॅस्टिकचे असतील, तर खाली रबरी चटईचे तुकडे घालावेत. (काळे रबर पांढऱ्या फरशीवर डाग पाडते, म्हणून सायकलची जुनी ट्यूब टाळलेली बरी.) चारही पाय टेकले आहेत ना, हे खोक्याचे कोपरे दाबून पाहावे, एक पाय अधांतरी असला, तर रबरही हतबल होते. टोकदार धातूचे पाय गालिच्यासाठी असतात, ते फरशीवर ओरखडे काढतील. वर विश्वकोशाचे खंड रचणारेही असतात. वजन वाढते खरे, पण पुढे खंडच खडखडू लागतात.

मात्र खोके थांबले म्हणजे खालच्या मजल्यावरचे शेजारी सुटले, असे नव्हे. पकड घट्ट झाली, तरी कंप फरशीत उतरतच राहतो. तो अडवण्यास पातळ रबर पुरत नाही. जाड, लवचीक बैठक लागते, आणि ती फार मऊ झाली तर खोके डुलते. शिवाय हवेतून जाणारा खर्ज कोणतीच बैठक रोखत नाही. तेथे आवाजाचे बटणच कामाला येते: 6 डेसिबल उतरवले, की पडद्याचा रेटा निम्मा होतो. खोके कोपऱ्यात ठेवले, तर भिंतींमुळे खर्ज आपोआप भरदार होतो. तेवढे बटण आणखी खाली आणता येते.