पुस्तके बांधणाऱ्या मुलाची वही

वार्षिक परीक्षा संपली, की आपल्यापैकी बरेच जण जुन्या वह्यांतील कोरी पाने काढून घेतात, कडेला दोन-तीन भोके पाडून जाड दोऱ्याने शिवतात आणि पुढच्या वर्षासाठी एक 'रफ वही' तयार करतात. कागद वाया जात नाही, हे चांगलेच. पण या वहीची एक खोड तुमच्या लक्षात आली असेल. ती कधीच सपाट उघडत नाही! एका हाताने दाबून धरावी, तेव्हा दुसऱ्या हाताने लिहिता येते. शिवणीजवळची जागा फुकट जाते ती वेगळीच. टेबलावर सपाट उघडी राहणारी वही घरी बांधता येईल का?

अवश्य येईल. पण ती कशी बांधावी, हे सांगणारे पुस्तक कोठे शोधावे? अनेक ग्रंथालयांत पुस्तके ड्यूई दशांश पद्धतीने लावलेली असतात. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. तीत पुस्तकबांधणीचा क्रमांक आहे ६८६.३, रेखाटनाचा ७४१, आणि कल्पक विचार कसा चालतो याची पुस्तके १५३ या क्रमांकाखाली मानसशास्त्रात असतात. म्हणजे वही बांधणे, तिच्यात चित्रे काढणे आणि नवे काही सुचणे या एकमेकींना लागून असलेल्या गोष्टी तीन निराळ्या कपाटांत विखुरलेल्या! म्हणून ग्रंथपालांकडे जाताना हे तिन्ही क्रमांक लिहून न्या.

पुस्तके मिळाली, तरी त्यांतले आपल्या कामाचे कोणते, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका मुलाने आपल्या वागण्यातून दिले आहे.

दुकानातली शाळा

मायकेल फॅरडे हा लंडनमधील एका गरीब लोहाराचा मुलगा. त्याचे शालेय शिक्षण जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरतेच झाले. १८०५ साली, चौदा वर्षांचा असताना, तो जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे उमेदवार म्हणून राहिला. तेथे त्याने सात वर्षे पुस्तके बांधली. दुसरा एखादा मुलगा पुस्तके नुसती शिवून बाजूला ठेवता. मायकेल ती वाचीत असे. बांधणीला आलेल्या एका विश्वकोशात त्याने विजेवरचा लेख वाचला. जेन मार्सेट या लेखिकेचे १८०६ साली निघालेले 'रसायनशास्त्रावरील संवाद' हे पुस्तकही त्याच्या हाती आले. पण त्यात लिहिले आहे म्हणून ते खरे, असे त्याने मानले नाही. आपल्या तुटपुंज्या पैशांत जमतील ते प्रयोग त्याने करून पाहिले. पुस्तकातले विधान प्रयोगात खरे उतरले, तेव्हा त्याचा त्या पुस्तकावर विश्वास बसला.

हीच ती कसोटी. जे पुस्तक आपल्या हातांना काम देते आणि ज्याचे म्हणणे आपण पडताळू शकतो, ते आपल्या कामाचे.

कसोटी लावून पाहू

पुस्तकबांधणीच्या चांगल्या पुस्तकात एक सूचना हमखास सापडते : 'कागदाची घडी तंतूंच्या दिशेने घाला.' कागदाला दिशा कोठून आली? यंत्रावर कागद बनतो तेव्हा पाणीदार लगदा एका सरकत्या जाळीवर पसरला जातो. त्यातले पुष्कळसे तंतू जाळी सरकते त्या दिशेने आडवे होतात. लाकडाला जशी शीर असते, तशी कागदाला ही दिशा मिळते.

पडताळा घ्या. एकाच कागदाच्या १५ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या कापा. एक कागदाच्या लांबीच्या दिशेने, दुसरी रुंदीच्या दिशेने. दोन्हींचे एकेक टोक टेबलाच्या कडेवर दाबून धरा आणि बाकीचा भाग बाहेर सोडा. एक पट्टी जास्त वाकेल, दुसरी बरीचशी ताठ राहील. ताठ पट्टीत तंतू लांबीच्या दिशेने आहेत. आता त्याच कागदाला दोन्ही दिशांनी घडी घालून पाहा. तंतूंच्या दिशेची घडी नीट बसते; आडवी घडी फुगते आणि तिची कड खडबडीत होते. पुस्तकाचे म्हणणे खरे ठरले!

वही बांधू या

दुकानातून मोठे ताव आणा आणि त्यांचे २० सारखे तुकडे कापा. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडायचा आहे. ही घडी तंतूंच्या दिशेने पडेल, असेच ते कापा. दुमडलेले चार-चार तुकडे एकमेकांत घाला. असे पाच फर्मे होतील आणि एकूण ८० पृष्ठे मिळतील.

प्रत्येक फर्म्याच्या घडीवर दाभणाने सारख्या अंतरावर चार भोके पाडा. पहिल्या फर्म्यात सुई बाहेरून पहिल्या भोकातून आत न्या, दुसऱ्यातून बाहेर, तिसऱ्यातून आत आणि चौथ्यातून बाहेर काढा. दोऱ्याचे मोकळे टोक बाहेर राहू द्या. वर दुसरा फर्मा ठेवा आणि त्याच रीतीने उलट परत या. दोरा मोकळ्या टोकाशी गाठा. तिसरा फर्माही असाच शिवा. यापुढे प्रत्येक फर्मा शिवून टोकाला आलात, की सुई आधीच्या दोन फर्म्यांना जोडणाऱ्या टाक्याखालून ओढून घ्या. त्यामुळे सगळे फर्मे एकमेकांत अडकतात. शेवटी तेथेच गाठ मारा.

आपली रफ वही सपाट का उघडत नव्हती, ते आता कळेल. तिथे दोरा पानांच्या पोटातून आरपार जात होता आणि पानांना शिवणीपाशी जखडून ठेवत होता. इथे तो फक्त घडीतून जातो. म्हणून प्रत्येक फर्मा बिजागरीसारखा मोकळा फिरतो.

आता खळ करू. एक भाग मैदा पाच भाग थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा आणि मंद आचेवर ढवळत राहा. (सुरी आणि शेगडी वापरताना मोठ्यांना जवळ बोलवा.) साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि खळ दाट व चिकट होते. तिला बुरशी लवकर लागते. ती टाळण्यासाठी खळीत मोरचूद घालीत. पण ते विषारी आहे. आपण लागेल तेवढीच ताजी खळ करावी.

वहीच्या पाठीवर खळ लावून कापडाची पट्टी चिकटवा. तिच्या दोन्ही कडा पुठ्ठ्यांवर चिकटवा आणि पुठ्ठ्यांवर कागद चढवा. इथे एक गंमत दिसेल. खळीने भिजलेला कागद पसरतो आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून आतूनही एक कागद चिकटवायचा. दोन्ही ओढी एकमेकींना तोलतात. नंतर वही रात्रभर वजनाखाली ठेवा.

पण वहीत लिहायचे काय?

आयझॅक वॉट्स यांचे 'मनाची सुधारणा' हे १७४१ सालचे पुस्तक मायकेलने मन लावून वाचले होते. व्याख्याने ऐकावीत आणि टिपणे ठेवावीत, हा त्यातला सल्ला त्याने अमलात आणला. विज्ञानावरील व्याख्यानांत दाखवलेली उपकरणे नीट रेखाटता यावीत, म्हणून तो रीबोच्या घरी राहणाऱ्या मास्केरिए नावाच्या चित्रकाराकडून यथार्थदर्शन शिकला. १८१२ साली त्याने सर हम्फ्रे डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाची चार व्याख्याने ऐकली. त्यांची टिपणे सुवाच्य अक्षरांत, आकृत्यांसह लिहून काढली, स्वतःच बांधली आणि डेव्हीकडे पाठवली. लगेच नोकरी मिळाली नाही. पण काही आठवड्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमधील साहाय्यकाची जागा रिकामी झाली, तेव्हा डेव्हीला वही पाठवणारा तो मुलगा आठवला. १ मार्च १८१३ रोजी त्याची नेमणूक झाली.

वही लिहिण्याची सवय पुढेही सुटली नाही. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर तारा गुंडाळून केलेला प्रयोग त्याच्या दैनंदिनीत आकृतीसह आहे. विद्युतजनित्र आणि ट्रान्सफॉर्मर ज्या तत्त्वावर चालतात, ते विद्युतचुंबकीय प्रवर्तन त्या दिवशी त्याला सापडले. १८३२ पासून तो नोंदींना क्रमांक देऊ लागला आणि ते सोळा हजारांच्या पुढे गेले. त्यांत फसलेले प्रयोगही आहेत. गुरुत्वाकर्षणापासून वीज मिळते का, हे त्याने १८४९ साली तपासले. काहीच हाती लागले नाही. तरी ते त्याने जसेच्या तसे लिहून ठेवले.

शिक्षकांनी या सुट्टीत विद्यार्थ्यांकडून अशी एकेक वही जरूर बांधून घ्यावी. आणि मित्रांनो, पहिल्या पानावर तुमच्या दोन पट्ट्यांची आकृती काढा. कोणती पट्टी किती वाकली, ते मोजून तिच्याशेजारी लिहा. तुमच्या वहीतली ही पहिली नोंद!