अग्निशमनातला ‘ग्नि’ ऱ्हस्व

आमच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, एक तांबडे नळकांडे टांगलेले आहे. त्याच्यावर पाटी आहे: ‘अग्नीशमन यंत्र’. या पाटीखालून मी अकरा वर्षे ये-जा करीत होतो आणि दररोज मनातल्या मनात तिच्यावर लाल शाईची खूण करीत होतो. समासात ‘ग्नि’ ऱ्हस्व हवा! मराठीच्या प्राध्यापकाला दुसरे काय दिसणार? ते नळकांडे वापरतात कसे, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही. तो पडला गेल्या दिवाळीत, आणि फार महागात पडला.

धनत्रयोदशीचा आदला दिवस. वडिलांचे जुने शिसवी कपाट स्वतःच्या हातांनी चकचकीत करावे, असा मला हुरूप आला होता. ‘अहो, त्याला माणसे मिळतात,’ असे सौ.ने सुचवून पाहिले. पण हुरूप तो हुरूपच. पॉलिश झाले. ब्रश धुवायला थिनरचा लिटरचा डबा उघडला, त्याला माझे कोपर लागले आणि डबा आडवा झाला. संध्याकाळी डास येतात म्हणून खिडक्या बंद होत्या. मी फरशी पुसायला जुनी वर्तमानपत्रे आणण्यासाठी आत गेलो. तेवढ्यात सांडलेल्या थिनरपासून चांगल्या आठ-दहा फुटांवर, चौरंगावरच्या देवांपुढे, सौ. निरांजन लावायला बसली. तिने काडी ओढली मात्र...

‘भक्’ असा आवाज आणि मागोमाग तिची किंकाळी! धावत येऊन पाहतो तो फरशीवर ज्वाळा, कपाटाचे पाय पेटलेले आणि सौ. भिंतीशी हात झाडीत उभी. मी न्हाणीघरातली भरलेली बादली उचलली.

‘मास्तर, पाणी नको!’

दारात शेजारचे अण्णा होते. उभी हयात त्यांनी रंगाच्या कारखान्यात घालवलेली. ‘सूनबाई, आधी बाहेर या,’ म्हणत त्यांनी जिन्यातले ते तांबडे नळकांडे आणले आणि पिन उपसली. दाराकडे पाठ ठेवून सात-आठ फुटांवरून त्यांनी नळीचे तोंड ज्वाळांच्या शेंड्याकडे नव्हे, तर बुडाशी धरले आणि झाडू मारावा तशी ती डावी-उजवीकडे फिरवली. पांढरी पूड उडाली आणि काही सेकंदांत सारे शांत झाले. तरी त्यांनी आगीकडे पाठ केली नाही. ‘पूड आग विझवते, जमीन गार करत नाही. ही पुन्हा पेटते,’ ते म्हणाले.

मी तोपर्यंत दंतमंजनाची ट्यूब शोधून काढली होती! ती त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली, सौ.च्या बांगड्या उतरवायला लावल्या आणि तिचा भाजलेला हात नळाच्या धारेखाली घड्याळ लावून वीस मिनिटे धरायला लावला. मग स्वच्छ कापड सैल गुंडाळून आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

रात्री मी अण्णांना विचारले, ‘थिनर इकडे आणि काडी तिकडे. मग आग लागली कशी?’

‘मास्तर, द्रव जळत नाही, त्याची वाफ जळते.’

हे एक वाक्य मला कुणी आधी सांगितले असते तर! पेट्रोल तर उणे ४० अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ देते. रॉकेलला सुमारे ३८ अंश लागतात. रंगकामाच्या बहुतेक थिनरना घरातली साधी हवाच पुरते. ही वाफ हवेहून जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते, उंबऱ्याखालून जाते, गटारात उतरते, दूरच्या दिव्यापाशी पेटते आणि ज्योत उलट पावली सांडलेल्या द्रवाकडे येते. आणि पाणी? थिनर, पेट्रोल, रॉकेल पाण्यावर तरंगतात. माझ्या बादलीने आग विझली नसती. ती तरंगत पलंगाखाली गेली असती.

म्हणून असे काही सांडले, तर पुसण्याआधी माणसे दूर करावीत. दिवा, उदबत्ती, शेगडी विझवावी; पण ती सांडलेल्या जागेच्या जवळ असेल, तर तिकडे न जाता सरळ बाहेर पडावे. विजेचे बटण लावू नये आणि बंदही करू नये. दोन्ही वेळा ठिणगी उडते. खिडक्या उघडाव्यात, वर कोरडी वाळू किंवा माती टाकावी. मोरीत लोटू नये. भिजलेली फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवावी. अंगावर सांडले, तर ज्योतीपासून दूर जाऊन कपडे उतरवावेत. कपडे पेटलेच, तर पळू नये; जमिनीवर लोळावे. कढईतले तेल पेटले, तर गॅस बंद करून झाकण ठेवावे. पाणी तिथेही नको.

रस्त्यावर टँकर उलटला, तर बघायला जाऊ नये. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात अहमदपूर ईस्टजवळ उलटलेल्या टँकरमधले पेट्रोल भरून न्यायला लोक डबे घेऊन जमले होते. ते पेटले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली.

‘आणि नळकांडेसुद्धा आग लहान असेल, पाठीमागे वाट मोकळी असेल तरच हाती घ्यायचे,’ अण्णांनी बजावले. ‘नाहीतर दार ओढून घ्यायचे, बाहेर पडायचे आणि १०१ फिरवायचा. कपाट पुन्हा मिळते.’

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ त्या दिवसापासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. यंदा त्या दिवशी आमच्या इमारतीच्या अंगणात अण्णांनी सर्वांना नळकांडे चालवायला शिकवले. पहिला विद्यार्थी मी होतो. पिन उपसताना माझा हात थरथरला, हे कबूल करतो.

सौ.च्या मनगटावर डाग राहिला आहे. यंदा निरांजन लावण्यापूर्वी तिने एकवार माझ्याकडे पाहिले. मी उठून खिडकी उघडली. कपाटाचे काळवंडलेले पाय तसेच ठेवले आहेत. जिन्यातल्या पाटीवर ‘ग्नी’ही अजून दीर्घच आहे. मी आता तिच्याखाली थांबतो तो नळकांड्यावरची मुदतीची तारीख वाचायला.