तुटक्या खिळ्याची साक्ष

पारायणात वर्षानुवर्षे हाताळल्या जाणाऱ्या छापील पोथीची पहिली आणि शेवटची पाने आधी गळतात, आणि छापखान्याचे नाव व साल बहुधा त्याच पानांवर असते. त्यामुळे मुखेड परिसरातील एखाद्या वीरशैव घराण्यात मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्य’ ग्रंथाची अशी जीर्ण प्रत निघाली, तर तिचा ठावठिकाणा मुख्यतः अक्षरांनाच विचारावा लागतो.

ही साक्ष कशी घ्यावी, हे अठराव्या शतकातील फ्रेंच पुस्तकबांधणीच्या अभ्यासातून उत्तम कळते. पॅरिसचे बांधणीकार चामड्यावर सोन्याचा वर्ख ठेवून तापवलेल्या धातूच्या ठशांनी वेलबुट्टी उठवीत, पण कामावर नाव क्वचितच घालीत. निकोला-दनी दरोम याचा पंख पसरलेला पक्षी प्रसिद्ध असला, तरी तसे पक्षी इतरांनीही वापरले. म्हणून ठशाचे माप, त्यावरची चीर, झिजलेली कड हे सारे नाव असलेल्या एखाद्या बांधणीशी तंतोतंत जुळले, तरच ठसा तोच मानता येतो. सुबकपणाची नक्कल होते, वैगुण्याची सहसा होत नाही.

मराठी मुद्रणात हा शोध अधिक अवघड आहे. पोलादी पंचावर अक्षर उलटे कोरून तो तांब्यावर ठोकला की मातृका, म्हणजे अक्षराचा साचा, तयार होई आणि तिच्यात शिसे, कथील व कडकपणा आणणारे अँटिमनी यांचा रस ओतून खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, पाडले जात. जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये मुंबईत ओतशाळा आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. तेथे राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले देखणे वळण पुढे इतर छापखान्यांतही गेले, कारण एका मातृकेतून असंख्य खिळे निघतात आणि ते विकले जातात. वळणावरून ओतशाळा कळते आणि पुस्तक त्या वळणाच्या आधीचे नाही एवढे ठरते. छापखाना मात्र कळत नाही.

तो कळतो काना तुटलेल्या एखाद्या खिळ्यावरून. छपाई संपल्यावर जुळारी खिळे सोडवून पुन्हा खणात टाकी, त्यामुळे तोच जखमी खिळा दुसऱ्या पानावर, दुसऱ्या पुस्तकातही उमटे, आणि निकामी खिळे अखेर वितळवले जात असल्याने त्याचे आयुष्यही मर्यादित असे. साल छापलेल्या पुस्तकात असे अनेक खिळे सापडले, तर निनावी प्रतीचा छापखाना आणि काळ दोन्ही बरेच जवळ येतात.

शिळाप्रेसच्या पोथ्यांना, म्हणजे गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले त्या दगडी छपाईला, ही कसोटी लागू पडत नाही. तेथे खिळेच नसतात, ओळखायचा असतो तो मजकूर लिहिणाऱ्या लेखनिकाचा हात.