पाण्यावरचा पंचनामा

मालवणच्या किंवा देवगडच्या किनाऱ्यावरून रात्री पश्चिमेकडे पाहिलं, की कधीकधी क्षितिजाच्या कडेला पांढराफटक उजेड दिसतो. नवख्याला वाटतं, जहाजं नांगरली असतील. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या रापणकराला मात्र एका नजरेत कळतं, की तिथे मासळी खेचून घेणारे एलईडी दिवे पेटलेत. आणि सकाळी आपल्या रापणीला काय लागणार, तेही त्याला तेव्हाच कळतं. मत्स्यव्यवसाय खात्याची गस्त पुष्कळदा इथूनच सुरू होते, किनाऱ्यावरच्या कुणाच्या तरी डोळ्यांपासून आणि त्याने परवाना अधिकाऱ्याला केलेल्या फोनपासून.

फोन येतो, सागर सुरक्षा रक्षक गोळा होतात, गस्तीनौका बंदराबाहेर पडते. तिकडे दिवे विझवायला एक खटका पुरतो. जमिनीवरच्या चोरीत फुटलेलं कुलूप मागे राहतं, चाकांचे माग राहतात. पाण्यावर काहीच राहत नाही. नौका गेली, की तिच्यामागचं पाणी मिटतं. म्हणून या नोकरीतलं खरं कौशल्य पाठलागात नसून पुराव्यात आहे, असं मला वाटतं. जाळं पाण्यात असताना गाठलं का? त्या क्षणाचे अक्षांश-रेखांश टिपले का? खोली किती वाव होती? जनरेटर आणि दिवे नौकेवर होते का? जाळं वर ओढून झालं असेल, तर नौकेचा तांडेल सांगू शकतो, की मासळी बाहेरच्या पाण्यात मारली. आणि ‘बाहेर’ या शब्दाला कायद्यात फार वजन आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत राज्याचा अंमल. पुढे केंद्राचा. एलईडीपुरती ती पळवाट केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बुजवली. बाहेरच्या पाण्यातही दिव्यांच्या मासेमारीला तेव्हापासून बंदी आहे. बाकीच्या गुन्ह्यांत मात्र अजूनही सगळं प्रकरण नकाशावरच्या एका ठिपक्यावर तोललेलं असतं.

पर्ससीनचंच पाहा. हे जाळं मासळीच्या थव्याभोवती गोल टाकतात आणि बटव्याची दोरी ओढावी तसं तळातून आवळतात. लहान-मोठं सगळं आत. या मासेमारीचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने आदेश काढला. झाई ते मुरूड पट्ट्यात पर्ससीनला पूर्ण मनाई. त्याच्या दक्षिणेला ठरलेल्या क्षेत्रात, परवाना असलेल्यांनाच, १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर. म्हणजे ३१ डिसेंबरला जी नौका, जे जाळं आणि जे पाणी कायदेशीर, तेच १ जानेवारीला गुन्हा. कागदावर ही रेघ स्वच्छ आहे. रात्री अडीच वाजता, हलत्या फळीवर उभं राहून ती ओढायची असते.

समुद्रातल्या मासेमारीचं नियमन करणारा हा कायदा सरकारला आपणहून सुचलेला नाही, हे विसरता कामा नये. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याला खेटून मासे ओरबाडू लागले, तेव्हा गोव्यातले रापणकर, म्हणजे तिथले रामपणकार, रस्त्यावर उतरले. मातान्ही साल्ढाणांसारखे लोक त्यांच्या पुढे होते. गोव्याचा आणि केरळचा कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा. उथळ पाणी छोट्या मच्छीमारांसाठी राखायचं, हा त्यामागचा मूळ हेतू.

पण १९८१ च्या कायद्याचे दात फार लहान होते. खटला तहसीलदारांपुढे चालायचा, आणि दंड पकडलेल्या मासळीच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत. म्हणजे मोजदाद व्हायची ती त्या वेळी नौकेत सापडलेल्या मासळीची. आदल्या दहा रात्रींत काय काय ओढून नेलं, याचा हिशेब कुठेच नाही. २०२१ च्या दुरुस्तीने सुनावणी खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आली आणि एलईडीसाठी ५ ते २० लाख रुपयांचा दंड ठरला. मला हा बदल योग्य वाटतो. तरी त्यात एक अवघड गाठ आहे. ज्या खात्याकडे मच्छीमार डिझेल परताव्यासाठी अर्ज करतो, तेच खातं त्याला दंडाची नोटीस काढतं. अधिकारी आणि तांडेल रोज त्याच जेटीवर एकमेकांसमोर येतात.

नौका बंदरात आणली, की घड्याळाशी झुंज सुरू होते. मासळी थांबत नाही. बर्फ वितळायच्या आत तिचा लिलाव करून रक्कम जमा करावी लागते, प्रतिवेदन लिहावं लागतं.

जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ९ ठिकाणांहून ड्रोन उडू लागले. समुद्रावर खूण राहत नाही, या जुन्या अडचणीवर हा सरळ उपाय आहे. वेळ आणि जागा दोन्ही चित्रात येतात. मात्र ड्रोनला जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचा आकार, मोजता येत नाही आणि टोपलीतली पिल्लंही दिसत नाहीत. त्यासाठी बंदरातच उभं राहावं लागतं. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०, घोळ ७००. पापलेटला त्याच वर्षी राज्यमाशाचा मान मिळाला, आणि तळहाताएवढी पापलेटं बाजारात अजूनही दिसतात. इथे होडी नको, पट्टी आणि ती लावायची हिंमत हवी.

नद्यांची कथा याहून एकाकी. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरवलं होतं. मूळ शिक्षा दोन महिने कैद किंवा २०० रुपये दंड. नदीच्या कोंडीत सुरुंग फुटतो तेव्हा हाताला लागतील तेवढे मासे उचलले जातात, बाकीचे तळाशी जातात. तिथे गस्तीनौका नाही, आणि आवाज ऐकणारा गुराखी सांगेल तेव्हाच कळणार.

गस्तीच्या या सगळ्या व्यवहारात अधिकारी मच्छीमाराविरुद्ध पुरावा शोधत असतो. एका योजनेत हे उलटं होतं. डिसेंबर २०१८ पासून, समुद्री कासव किंवा बहिरी मोरी (व्हेल शार्क) यांसारखा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने स्वतःचं जाळं कापून तो सोडला, तर त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. भर समुद्रात, साक्षीला कुणी नसताना, एक खलाशी जाळं कापतो आणि दुसरा मोबाइलवर ते टिपून घेतो. कार्यालयात तीच चित्रफीत पुरावा म्हणून दाखल होते.