पूर, पान्हा आणि पावडरीचे डबे

नदीला पूर आला की दात्यांच्या मनालाही पूर येतो, आणि हे आपल्या समाजाला भूषणच आहे. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली, तेव्हा एका शाळेतल्या छावणीत मी वाढपाला जात होते. मदतीची खोकी उघडावीत तो बिस्किटे, मेणबत्त्या, लुगडी, आणि त्यांच्या जोडीला दुधाच्या पावडरीचे डबे नि रबरी बुचांच्या बाटल्या! पाठवणाऱ्याचा हेतू सोन्यासारखा, पण वस्तू?

जिथे टँकरचे पाणी मोजून मिळते, तिथे बाटलीचा तो अरुंद गळा घासायचा कशाने आणि उकळायचा कशात? पावडर मुळात निर्जंतुक नसते. उकळलेले पाणी सत्तर अंशांखाली निवण्याआधीच ती त्यात कालवावी लागते. त्यातून डबा पुरवायचा म्हणून आया दूध पातळ करतात, ते वेगळेच. २००६ च्या मे महिन्यात इंडोनेशियात योग्यकर्ताला भूकंप झाला. तिथे दानाची पावडर मिळालेल्या दोन वर्षांखालच्या मुलांत जुलाबाचे प्रमाण शेकडा पंचवीस भरले; न मिळालेल्यांत ते बाराच्याही आत होते. आपल्याकडे तर १९९२ चा कायदाच सांगतो, की हे डबे आणि बाटल्या अनाथालयाखेरीज कोणाला दान देऊ नयेत. खोकी भरणाऱ्या किती मंडळींना हे ठाऊक असेल?

छावणीत तीन महिन्यांचे बाळ घेऊन एक मुलगी आली होती. सासूबाई डबा मागायला आल्या. "भीतीनं हिचं दूध आटलं हो!" तिथल्या नर्सबाई वयाने मोठ्या, बोलायला फटकळ. म्हणाल्या, "आजी, अनोळखी माणूस पाहून गाय पान्हा चोरते, म्हणून तिची कास का आटते? दूध आहे तिथंच आहे. हिला आधी जेवू घाला."

वर्गाच्या कोपऱ्यात दोन लुगडी बांधून आडोसा केला. मुलीला पोटभर भाकरी-आमटी दिली, बाळ उघड्या अंगाने छातीशी धरायला सांगितले. बाळ जितके ओढेल तितके दूध उतरते, हे शास्त्रच आहे. घाबरल्याने पान्हा अडखळतो, दूध बनणे थांबत नाही. सासूबाई मात्र दोन दिवस कुरकुरत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपटी वाळत घालायला त्यांना दोरी अपुरी पडू लागली, तेव्हा कुठे गप्प झाल्या!

ज्या बाळाला आईच नाही, किंवा जे आधीपासून वरच्या दुधावरच आहे, त्याला पावडर द्यावीच लागते. पण जाणकाराच्या देखरेखीखाली आणि वाटी-चमच्याने. आपले जुने बोंडले यापुढे बाटलीपेक्षा शहाणे ठरते, कारण ते आतून बाहेरून घासता येते.

सहा महिन्यांवरच्या मुलांना अंगावरच्या दुधाशिवाय ताजा, गरम मऊ भात, वरण, कुस्करलेले केळे द्यावे. सकाळचे संध्याकाळी नको. जुलाब लागले तर क्षार-साखरेची पुडी स्वच्छ पाण्यात द्यावी, डॉक्टरांकडून जस्ताच्या गोळ्या घ्याव्यात, आणि अंगावर पाजणे बंद करू नये.

नर्सबाईंना मी विचारले, "मग पुढच्या खेपेस पाठवायचं काय?" त्यांनी बोटे मोजली: झाकणाची पातेली, स्टोव्ह, साबण, तांदूळ, मूगडाळ, तूप, आणि आडोशाला जुनी लुगडी.